व्हॉल्व्ह तुटून इंजिन गेलं: दुसरं टाकू की हेच बांधू?

सातवा_सूर:
मंडळी, इतके दिवस नुसता वाचनमात्र होतो, आज स्वतःवर आली म्हणून धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

गाडी दोन सीटची, मागच्या चाकांवर चालणारी. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अर्धा धागा "ही घ्यायलाच नको होती" यात जाईल. २ लिटर, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, टायमिंग चेन आहे (बेल्ट नाही), टर्बो नाही, सहा गिअर मॅन्युअल, रेडलाईन (इंजिनाला झेपणाऱ्या वेगाची लाल रेघ) मिनिटाला ७४०० फेरे. ९१ हजार किलोमीटर झालेत. ऑइल कायम वेळेआधी बदललंय.

परवा ट्रॅकवर तिसऱ्या फेरीत, सरळ पट्ट्यावर, चौथ्या गिअरमध्ये साडेसहा हजाराच्या आसपास असताना एकदम टक्क. आणि लगेच पत्र्याच्या डब्यात मूठभर नट घालून कुणी हलवावेत तसा खडखडाट. क्लच दाबला, चावी बंद केली, बाजूला घेतली. सगळं मिळून दोन सेकंद असतील नसतील. पण तेवढ्यात कारभार आटोपला होता.

घरी आणून प्लग काढले. चार नंबरच्या प्लगचं टोक ठेचून सपाट. बोरस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) घातला तर पिस्टनच्या माथ्याला भोक आणि त्यात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची टिकली आडवी रुतलेली. दांडी वर गाईडमध्ये (ती सरकते त्या नळीत) तशीच लटकतेय, बिनडोक्याची.

आता प्रश्न. अपघातात गेलेल्या गाडीचं वापरलेलं इंजिन मिळतंय, ६० हजार चाललंय म्हणतात. की हेच बांधायला देऊ? कंपनीचं नवं कोरं पण मिळतं पण आकडा ऐकून मी नमस्कार करून फोन ठेवला. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा.

मंदगती:
टिकली रुतलेलीचं वर्णन वाचून पोटात कालवलं. भावपूर्ण श्रद्धांजली.
मी आयुष्यात ३००० च्या वर गेलो नाही. माझं इंजिन मला कंटाळून मरेल, तुटून नाही.

नवशिक्या:
मूलभूत प्रश्न, हसू नका. व्हॉल्व्ह म्हणजे एवढीशी वस्तू, ती तुटली तर तेवढीच बदलता येत नाही का? अख्खं इंजिन का बदलायचं?

ठिणगी:
@नवशिक्या, हसण्यासारखं काही नाही. व्हॉल्व्ह छत्रीच्या आकाराच्या खिळ्यासारखा असतो, लांब दांडी आणि खाली चकती, तिला हे टिकली म्हणतायत. ६५०० आरपीएमला एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला ५४ वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्टचा असेल तर ते सुद्धा सातशे-आठशे डिग्री तापमानात. खाली पिस्टन सरासरी ताशी ६७ किलोमीटरने वर-खाली (८६ मिलिमीटर स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका फेरीची धाव, धरला; बऱ्याच २ लिटर इंजिनांत तेवढा असतो). पिस्टन अगदी वर येतो तेव्हा त्याच्या आणि व्हॉल्व्हच्या मध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा उरते, बास. आता त्या खोलीत एक सुटी चकती सोडा. धागाकर्त्यांचे ते दोन सेकंद म्हणजे क्रँकचे (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याचे) दोनशेच्या आसपास फेरे, म्हणजे चकतीला दोनशे वेळा ऐरणीवर घेतलंय. पिस्टन, हेड (सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह बसवलेला भाग), सीट (व्हॉल्व्ह मिटल्यावर टेकतो ती कडा), सिलिंडरची भिंत, कधी कनेक्टिंग रॉड, सगळ्यांनी मार खाल्लेला असतो. म्हणून अख्खं इंजिन.

खटारा_नंबर_एक:
सोप्पं आहे हो, चार सिलिंडरचं कशाला परत घालताय, व्ही८ टाका. जनरल मोटर्सचं एलएस घाला, प्रश्न मिटला.

मंदगती:
आला! मी घड्याळ लावून बसलो होतो. चौथ्याच प्रतिसादात एलएस.

तेलकट_हात:
हेड उघडल्याशिवाय काहीही ठरवू नका. ना वापरलेलं, ना बांधायचं.

व्हॉल्व्ह आपोआप तुटत नाही. स्प्रिंग तुटली असेल, स्प्रिंग पकडणारे लॉक सुटले असतील, गाईड झिजून व्हॉल्व्ह तिरका बसत असेल, टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्हच्या वरच्या टोकाशी सोडलेली बारीक फट) इतका कमी झाला असेल की व्हॉल्व्ह सीटवर नीट टेकतच नव्हता (एक्झॉस्टची बहुतेक उष्णता सीटवर टेकल्यावरच हेडमध्ये जाते, टेकला नाही की जळतो), नाहीतर इंजिन कधीतरी वरच्या वर पळवलं गेलं. कारण हाती लागलं नाही आणि नवीन इंजिन बसवलं तर तेच कारण त्यालाही खाईल.

एक विचारतो, राग मानू नका. चुकीचा गिअर कधी पडलाय? चौथ्याऐवजी दुसरा, पाचव्याऐवजी तिसरा? खरं सांगा.

सातवा_सूर:
@तेलकट_हात काका, राग नाही, पण नाही. चौदा वर्षं मॅन्युअल चालवतोय. आणि तसंही रेव्ह लिमिटर आहे ना, ७६०० ला कट होतो, त्याच्या वर जाऊच शकत नाही.

रेडलाईन_आजोबा:
लिमिटर इंजिनाला पेट्रोल नाकारतो एवढंच. चाकांनीच क्रँकला गरागरा फिरवलं तर तो बिचारा काय करणार, हात जोडून उभा राहणार?

हिशोब करून बघा. समजा तिसऱ्याचा रेशो १.३६ आणि दुसऱ्याचा २.०५. तिसऱ्यात ७२०० ला आहात, चौथा टाकायला गेलात आणि हात दुसऱ्यात पडला. ७२०० ला २.०५ ने गुणा, १.३६ ने भागा. पावणे अकरा हजाराच्या वर. क्लच पूर्ण सोडला असेल तर इंजिन तिथे जाणार म्हणजे जाणार, नाहीतर मागची चाकं घसटणार. आमच्या शर्यतीच्या दिवसांत एकाने भर सरळ पट्ट्यावर हे केलं आणि ऑइल पॅन फोडून कनेक्टिंग रॉड स्वतः बाहेर बघायला आला होता, मागच्या गाडीवाल्याने त्याच्यावरूनच गाडी नेली. इंग्रजीत याला मनी शिफ्ट म्हणतात, कारण पुढे पैसाच शिफ्ट होतो.

नवशिक्या:
हसून हसून पुरेवाट, रॉड बाहेर बघायला आला 😂

सातवा_सूर:
आजोबा, किस्सा भारी पण माझ्या बाबतीत चौथ्या गिअरमध्ये नुसता चालत असताना झालंय, गिअर बदलताना नाही. विषय वापरलेलं की बांधलेलं हा आहे, त्यावर बोलूया का?

शेवटचा_पाना:
त्यावर मी बोलतो, कारण मी दोन्ही केलंय आणि एकात तोंडावर आपटलोय.

माझ्या गाडीत तीन नंबरची व्हॉल्व्ह स्प्रिंग तुटली होती, पुढचं सगळं सेम टु सेम. मी वापरलेलं इंजिन आणलं. आणायच्या आधी जे तपासलं ते व्यवस्थित तपासलं होतं. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं, आकडा किती येतो यापेक्षा चारांत फरक किती पडतो ते बघायचं, दहा-बारा टक्क्यांच्या आत हवा. मग लीकडाऊन, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला अडवून प्लगच्या भोकातून हवा भरायची आणि किती गळते ते मोजायचं. दहा टक्क्यांच्या आत असेल तर डोळे मिटून घ्या, वीसच्या वर असेल तर पाया पडून निघा. आणि मीटरपेक्षा कान लावा: थ्रॉटलमधून फुस्स आलं तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरकडून आलं तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या झाकणातून आलं तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. त्याचा ऑइल फिल्टर कापून घड्या उलगडून पाहिला, एक कण नाही. झकास इंजिन होतं हो.

बसवताना खिसा रिकामा झालेला, म्हणून म्हणलं ऑइल कूलर जुनाच चालेल, दोनदा पेट्रोल घालून खळखळून धुतला, वरून हवा मारली, स्वच्छ पाणी... म्हणजे पेट्रोल निघालं. बसवला. ४०० किलोमीटर. चारशे! गरम झाल्यावर ऑइल प्रेशरची सुई सिग्नलला थांबलं की झोपायला लागली, मग खालून ठक ठक ठक. रॉड बेअरिंग गेली. उघडलं तर बेअरिंगच्या मऊ थरात चमकणारा चुरा बसलेला, पहिल्या इंजिनाच्या पिस्टनचा. कूलरच्या आतल्या पातळ पातळ पट्ट्यांमध्ये अडकून राहिला होता आणि ऑइल गरम झाल्यावर हळूहळू निघत गेला.

तर सातवा_सूर, वापरलेलं घ्या किंवा बांधा, पण जुन्या इंजिनाच्या ऑइलने जिथे जिथे हात लावला ते एकतर नवं नाहीतर पूर्ण खोलून साफ. कूलर तर नवाच. कूलरकडे जाणारे पाईप पण. ऑइलचा थर्मोस्टॅट असेल तर त्याचं हाउसिंग पण.

तेलकट_हात:
अनुमोदन. ऑइल कूलर धुता येत नाही, धुतला असं वाटतं फक्त. व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंग (चालू इंजिनात व्हॉल्व्हची वेळ पुढेमागे करणारी यंत्रणा) असेल तर त्याच्या सोलेनॉइडची बारीक जाळी पण बघा, ती तर हमखास तुंबते.

पण एक मुद्दा. "फिल्टर आहे ना" असं जे म्हणतात त्यांच्यासाठी: थंडीत ऑइल घट्ट असताना किंवा फिल्टर तुंबला की त्यातला बायपास उघडतो आणि न गाळलेलं ऑइल सरळ बेअरिंगला जातं. आणि ऑइल पंप फिल्टरच्या आधी असतो, त्याला जाळीतून आलेलं तसंच प्यावं लागतं.

खटारा_नंबर_एक:
तुम्ही हसताय पण एलएसचं खरंच बघा. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ब्लॉकमध्ये असतो, वर दोन-दोन कॅमचं ओझं नाही, त्यामुळे व्ही८ असून आटोपशीर बसतं. माझदाच्या मियाटासारख्या छोट्या दोन सीटच्या गाडीत लोकांनी बसवलंय.

ठिणगी:
@खटारा, व्हॉल्व्ह पडल्याच्या धाग्यावर एलएस सुचवताय म्हणजे कमाल. कॉर्व्हेट झी०६ मधलं एलएस७ आठवा, ७ लिटर, टायटॅनियमचे इनटेक आणि सोडियम भरलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. त्याच्या एक्झॉस्ट गाईड झिजण्यावर लोकांनी किती रात्री जागवल्यात. तसंच फेरारीच्या एफ३५५ चं, एका सिलिंडरला ५ व्हॉल्व्ह, देखणं इंजिन, आणि गाईडची तीच रड.

खटारा_नंबर_एक:
सगळे एलएस म्हणजे एलएस७ नाहीत ताई. पण बरं, गप बसतो. (बसणार नाही.)

नवशिक्या:
सोडियम?? व्हॉल्व्हमध्ये? शाळेत तो पाण्यात टाकला की पेट घेतो असं शिकवलेलं.

ठिणगी:
तोच. दांडी आतून पोकळ असते, अर्धीअधिक सोडियमने भरलेली. साधारण ९८ डिग्रीला वितळतो, मग व्हॉल्व्ह वर-खाली हलला की आतल्या आत खळखळतो आणि टिकलीची उष्णता दांडीकडे, तिथून गाईडकडे नेऊन सोडतो.
जाता जाता, तुटलेल्या व्हॉल्व्हची कीचेन करायची हौस सगळ्यांना असते. आधी तो सोडियमचा आहे का ते बघा. असेल तर कापू नका, ग्राइंडरला लावू नका, ओल्या जागी ठेवू नका.

मंदगती:
सातवा_सूर यांचा व्हॉल्व्ह आधीच तुटलाय, कापायचं काम इंजिननेच केलंय. काटकसरी गाडी.

नवशिक्या:
अजून एक. टायमिंग बेल्ट तुटल्यावर पण असंच होतं का? माझ्या गाडीला बेल्ट आहे, घाबरायला झालंय.

रेडलाईन_आजोबा:
इंजिनवर आहे. ज्यात पिस्टन आणि उघडा व्हॉल्व्ह एकाच जागेवर हक्क सांगतात त्यात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकणार. पोर्श ९४४ त्यातलंच, म्हणून ती गाडी घेणारा आधी बेल्टची तारीख विचारतो, मग रंग. याउलट पहिल्या पिढीतल्या मियाटाचं इंजिन दिलदार, बेल्ट तुटला तर गाडी फक्त उभी राहते, नवा बेल्ट घाला आणि चालू पडा. तुमच्या गाडीचं पुस्तक काढा, बदलायचा आकडा किलोमीटरमध्ये पण असतो आणि वर्षांत पण. वर्षं लोक विसरतात.

तेलकट_हात:
आणि बांधायचं की वापरलेलं यावर माझं मत. ब्लॉकच्या भिंतीला खोल ओरखडे नसतील तर बांधा. स्वतःचं इंजिन, काय घातलंय ते आपल्याला माहीत. वापरलेलं म्हणजे दुसऱ्याचं पाप.

शेवटचा_पाना:
काकांशी इथे मतभेद. बांधणारा कोण यावर सगळं आहे. पिस्टनला भोक पडलंय म्हणजे ॲल्युमिनियमचा चुरा ऑइलच्या प्रत्येक वाटेत गेलाय, क्रँकच्या आतल्या भोकांत सुद्धा. ते प्लग काढून ब्रशने साफ करणारा माणूस पाहिजे, बोअर मोजणारा पाहिजे, हेडचा सपाटपणा बघणारा पाहिजे. तसा मिळाला तर बांधा. नाही मिळाला तर चांगलं तपासलेलं वापरलेलं इंजिन बरं, निदान ते कंपनीत जुळलेलं आहे.

तेलकट_हात:
हे मान्य. चांगला बांधणारा नसेल तर नकोच.

सातवा_सूर:
अपडेट. शनिवार-रविवार लावून हेड उतरवलं. दोस्ताने मदत केली.

चार नंबरची अवस्था सांगत नाही. पिस्टन गेला, हेडच्या त्या कप्प्यात हातोडीने कोरल्यासारखे खड्डे, सिलिंडरच्या भिंतीला बोटाच्या नखाला लागेल असा उभा चरा. आणि इनटेक मॅनिफोल्ड काढला तर दोन नंबरच्या नळीत तांदळाच्या दाण्याएवढा धातूचा तुकडा! चार नंबरमध्ये तुटलं ते दोनच्या नळीत कसं गेलं??

स्प्रिंगा सगळ्या धड आहेत. लॉक जागेवर. गाईड मला तरी घट्ट वाटले.

एक विचित्र. एक, दोन आणि तीन नंबरच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला चंद्रकोरीसारखी पुसट चकचकीत खूण आहे. काजळी धरलीय तिच्यावर. हे काय असतं?

रेडलाईन_आजोबा:
चंद्रकोर 🙂
तेलकटराव, तुम्ही बोलता की मी बोलू?

तेलकट_हात:
तुम्हीच बोला. मी पहिल्या पानावर विचारलं होतं, मला "चौदा वर्षं" ऐकवलं.

ठिणगी:
थांबा, आधी तुकड्याचं सांगते. तुटलेले तुकडे उघड्या इनटेक व्हॉल्व्हमधून उलटे मॅनिफोल्डमध्ये उडतात आणि शेजारचा सिलिंडर श्वास घेतो तेव्हा त्याच्याकडे जातात. म्हणून मॅनिफोल्ड आतून तपासल्याशिवाय दुसऱ्या इंजिनावर चढवायचा नाही. तो तांदळाचा दाणा नव्या इंजिनाने पहिल्याच मिनिटाला गिळला असता. एक्झॉस्टकडे कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये पण बघा.

आता चंद्रकोर. आरपीएम प्रमाणाबाहेर गेला की स्प्रिंगला व्हॉल्व्ह वेळेत मागे खेचता येत नाही, तो कॅमवरून उडतो आणि उशिरा मिटतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मिटायची वेळ नेमकी पिस्टन वर पोचायची वेळ. पिस्टन येऊन त्याला टपली मारतो. ती टपलीची खूण आहे. एकाच सिलिंडरला असती तर गाईड, लॉक असं काही म्हणलं असतं. चारही सिलिंडरने एकाच वेळी मार खाल्लाय म्हणजे कारणही चौघांचं एकच. आणि खुणेवर काजळी बसलीय म्हणजे परवाचं नाही, जुनं आहे.

दांडीचं तुटलेलं टोक ठेचलं नसेल तर भिंगातून बघा. ओल्या वाळूवर लाटा मागे सोडून जातात तशा एकात एक कमानी दिसतायत का? आणि एका कडेला खडबडीत भाग?

सातवा_सूर:
फोटो टाकतोय. मोबाईलला भिंग लावून काढलाय. अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, त्यात कमानी आहेत. उरलेला दाणेदार, साखरेसारखा.

ठिणगी:
मग संपलं. थकून तुटलाय, एका फटक्यात नाही. टपलीने दांडी केसभर वाकली, तेव्हापासून टिकली सीटवर टेकताना दर वेळी एका कडेने आधी टेकत होती आणि दांडीच्या बुडाशी वाकत होती. सेकंदाला पन्नास वेळा. चीर कमान कमान करत पुढे सरकली, शेवटी उरलेला दाणेदार भाग परवा सकाळी टक्क.

मंदगती:
हा धागा आता पोलीस तपास झालाय. आरोपीला बोलवा.

सातवा_सूर:
बरं. बोलतो.

पाचेक महिन्यांपूर्वी. चढणीचा रस्ता, समोर ट्रक, ओव्हरटेक करताना तिसऱ्यातून चौथा टाकला आणि तो दुसऱ्यात गेला. मागून कोणी गाडीला धरून ठेवल्यासारखं झालं, शेपटी डावीकडे गेली, किंकाळीसारखा आवाज. मी तिथल्या तिथे क्लच दाबला. सुई कुठे गेली ते बघितलंच नाही. नंतर गाडी व्यवस्थित चालली, दिवा लागला नाही, म्हणून विसरून गेलो. म्हणजे विसरलो असं स्वतःला सांगितलं. त्यानंतर सकाळी थंड असताना जागेवर थोडी थरथरायची, मी कॉइल बदलल्या, प्लग बदलले, इंजिन माउंटला दोष दिला.

काका, सॉरी. तुम्ही सरळ विचारलं होतं आणि मी सरळ खोटं बोललो. बायकोला अजून सांगितलेलं नाही, ती शेजारीच बसली होती, तिला वाटतं ट्रकवाल्याची चूक.

तेलकट_हात:
सॉरी कसलं. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण "आपोआप झालं" म्हणतो. तुम्ही निदान पाच पानांत कबूल केलं. सकाळची थरथर म्हणजे तो व्हॉल्व्ह थंड असताना गळत होता, तेव्हाच कॉम्प्रेशन बघितलं असतं तर एका हेडवर निभावलं असतं.

शेवटचा_पाना:
यातून एक चांगलं निघालं, कारण कळलं, आणि ते कारण नव्या इंजिनात शिरणार नाही (चालक तोच असला तरी). पण आता गिअर लिव्हरचे बुश आणि इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट बघा. माउंट ढिले असतील तर जोरात असताना इंजिन डोलतं, त्याबरोबर गिअरची जागा सरकते आणि हात बरोबर जाऊनही गिअर चुकीचा पडतो.

रेडलाईन_आजोबा:
आणि मूठ आवळून गिअर मारू नका. तिसऱ्यातून चौथ्यात सरळ मागे ओढायचं असतं, तळहाताने, डावीकडे खेचायचं नाही. बाकी लिव्हरच्या स्प्रिंगा त्याला मध्यावर आणतात. घाईत माणूस डावीकडे खेचतो आणि दुसऱ्यात जाऊन पडतो.

अजून एक, ते वापरलेलं इंजिन ज्या गाडीचं आहे तिचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) मिळतोय का विचारा. काही गाड्यांत ओव्हर-रेव्हची नोंद राहते, पोर्श ९९६-९९७ घेणारे तर ती काढल्याशिवाय घेत नाहीत. तुमच्यासारखाच कोणी तिसऱ्यातून दुसऱ्यात गेलेला असेल तर?

सातवा_सूर:
तुमच्यासारखाच 😄 घेतला टोमणा.
विचारतो. नाही मिळाला तर बोरस्कोपने पिस्टनवर चंद्रकोर शोधीन, आता ओळखता येते.

(तीन आठवड्यांनी)

सातवा_सूर:
इंजिन आणलं. ब्लॉकचा चरा जास्त खोल निघाला आणि हेड पण भंगार, बांधण्यात अर्थ नव्हता. ईसीयू नाही मिळाला, पण चारही पिस्टन आतून पाहिले, काजळी एकसारखी, खूण नाही. लीकडाऊन ६, ७, ६, ९.

बाहेर असतानाच मागचं क्रँक सील, चेन टेन्शनर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग, माउंट सगळं नवं. फ्लायव्हीलचे बोल्ट नवे (एकदाच ताणायचे असतात हे मला माहीतच नव्हतं, जुनेच लावणार होतो, दोस्ताने हात धरला). वायरिंगच्या प्रत्येक सॉकेटवर कागदी टेप आणि नंबर, काढतानाच फोटो. तरी एक सॉकेट उरलाय, तो कशाचा आहे ते शोधायला अडीच तास गेले, तो माझ्या गाडीत नसलेल्या कसल्यातरी सेन्सरचा निघाला.

ऑइल कूलर नवा घेतला. पण शेवटचा_पाना यांचं वाचून जुना फेकायच्या आधी ग्राइंडरने उभा कापला. आधी दोनदा धुतला होता, मुद्दाम. आतल्या पट्ट्यांत बोट फिरवलं, बोट चांदीसारखं चमकायला लागलं. फोटोत नीट येत नाहीये.

शेवटचा_पाना:
हे बोट माझ्याकडून फ्रेम करा.

नवशिक्या:
पहिल्यांदा चालू करताना काय करायचं असतं? सरळ चावी?

सातवा_सूर:
नाही. प्लग बाहेर, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढलेला, आणि स्टार्टरने दहा-दहा सेकंद फिरवत राहिलो, मध्ये स्टार्टरला विश्रांती. चौथ्या खेपेला ऑइल प्रेशरची सुई थरथरून उठली आणि मी दोस्ताच्या पाठीत धपाटा घातला. मग प्लग, फ्यूज, चावी. दोन सेकंद काही नाही, मग लागलं. जागेवर शांत. थंडीत थरथर नाही. बायको बाहेर येऊन म्हणाली, आधी पण अशीच चालायची का? पाच महिन्यांपूर्वी, म्हणलं.
मग तिला ट्रकवाल्याचं सांगितलं.

मंदगती:
आणि???

सातवा_सूर:
आणि तिला माहीत होतं. म्हणाली, तू तेव्हा लिव्हरकडे बघत होतास, रस्त्याकडे नाही.

रेडलाईन_आजोबा:
वहिनींना साष्टांग दंडवत. पुढच्या वेळी गाडी त्यांना द्या.

तेलकट_हात:
शंभर किलोमीटर झाले की ऑइल काढा, फिल्टर कापा. इंजिन नंबर गाडीच्या कागदांवर असेल तर बदलून घ्या, विक्रीच्या वेळी त्यावर अडतं.

सातवा_सूर:
११० झाले. फिल्टर कापला, घड्या उलगडून उन्हात धरल्या. काही नाही काका. कागदांचं काम उद्या.

खटारा_नंबर_एक:
पण जुनं इंजिन काढलंच होतं तर...

मंदगती:
नको.

प्रवासी_पक्षी:
पूर्ण धागा वाचला नाही, पण माझ्या मते तुमचा टायमिंग बेल्ट तुटला असणार. चेक करा.